घरांचे भाव नंतर बघा, आधी व्यवहार बघा

नमस्कार मंडळी! अर्थव्यवस्थेचं पुढे काय होणार, हे ताडायला बरेच जण शेअर बाजाराकडे बघतात. मी आधी घरांच्या बाजाराकडे बघते. तिथेही भावाकडे नाही, तर घरं किती विकली जातायत आणि नवी बांधकामं किती सुरू होतायत, याकडे.

भाव फसवतो. मागणी घटली तरी मालक किंमत लगेच उतरवत नाही. शेजारचं घर गेल्या वर्षी ज्या भावाला गेलं, तो आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो म्हणतो, थांबू. घेणाराही थांबतो. भाव जागच्या जागी, व्यवहार मात्र ठप्प! आणि रोजगार व्यवहारांवर चालतो. घर विकलं गेलं नाही की एजंटची दलाली बुडते, रंगाऱ्याचं काम जातं, सुताराकडे कपाटाची ऑर्डर येत नाही, पंखे-पडदे-फ्रिज दुकानातच राहतात. नवी इमारत उभी राहिली नाही, तर गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई आणि सिमेंटवाले सगळेच बसून.

आता अमेरिकेचं उदाहरण बघा. जानेवारी २००६ मध्ये तिथे वर्षाला सुमारे २२ लाख ७० हजार घरं, या वेगानं बांधकामं सुरू होत होती. तिथून उतरण लागली. मंदीची अधिकृत सुरुवात डिसेंबर २००७ ची, म्हणजे जवळपास दोन वर्षांनंतरची! लेहमन ब्रदर्स ही तिथली बडी गुंतवणूक बँक तर बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये. एप्रिल २००९ पर्यंत हाच वेग ५ लाखांच्याही खाली आला होता.

एडवर्ड लीमर या अर्थतज्ज्ञानं २००७ मध्येच दाखवून दिलं होतं, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेल्या १० मंद्यांपैकी ८ मंद्यांच्या आधी घरबांधणी अडचणीत आली होती. उरलेल्या दोन म्हणजे कोरियन युद्ध संपतानाची १९५३ ची आणि डॉटकॉम फुग्यानंतरची, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचे फुगलेले भाव कोसळल्यानंतरची, २००१ ची.

मग २०२३ मध्ये काय झालं? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरच्या नीचांकावर आली, तरी मंदी आली नाही. कारण तिथली बहुतेक गृहकर्जं स्थिर दराची, त्यातली बरीचशी ३० वर्षांची. ज्यांनी ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं होतं, त्यांचा हप्ता एका डॉलरनंही वाढला नाही. त्यांचा घरखर्च तसाच चालू राहिला. असं स्वस्त कर्ज सोडून घर कोण विकणार? विक्रीला जुनी घरं कमी, म्हणून बिल्डरांच्या नव्या घरांना गिऱ्हाईक मिळत राहिलं आणि बांधकाम मजुरांचं कामही टिकलं.

जिथे कर्जं बदलत्या दराची असतात, तिथे चित्र उलटं. दर वाढला की काही महिन्यांत हप्ता तरी वाढतो, नाहीतर मुदत. हप्ता वाढला की कुटुंब आधी नवी गाडी पुढे ढकलतं, मग बाहेरचं जेवण, मग प्रवास. म्हणून व्याजदराची बातमी आली की त्या देशातली गृहकर्जं स्थिर दराची आहेत की बदलत्या, हे मी सगळ्यात आधी शोधते. त्याच्या पाठोपाठ न विकलेल्या तयार घरांचा आकडा.