टेंडर मॅनेज करायचं ऑफिस नव्हे

(बेळगावात अभियंता दिनानिमित्त एका ज्येष्ठ कंत्राटदाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरची मंडळी, आणि समोर बसलेले माझे सगळे प्रतिस्पर्धी!

हसू नका, खरंच सांगतोय. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी माझ्यापेक्षा कमी दर भरून माझी कामं नेली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची मी नेली आहेत. कोर्टात दोन वकील एकमेकांविरुद्ध उभे राहतात, पण फी दोघांनाही मिळते. आमच्यात टेंडर उघडलं की एक जण कामाला लागतो आणि बाकीचे अनामत परत मिळवायच्या मागे. असल्या लोकांना महिन्यातून एकदा एका सतरंजीवर बसवायचं, वर त्यांच्याकडून वर्गणीही घ्यायची. कंत्राटदारांच्या संघटनेचं अध्यक्षपद म्हणजे एवढंच.

संयोजकांनी 'संघटनेतली वर्षं' असा विषय दिलाय. सत्कार, निवेदनं, मंत्र्यांबरोबरचे फोटो सगळं झालं. ते ऑफिसच्या भिंतीवर आहे, चहा प्यायला याल तेव्हा बघा. मला बोलायचंय ते संघटनेनं काय करायचं नाही यावर.

आपल्या धंद्यातली देशपातळीवरची मोठी संघटना, बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया, १९४१ साली पुण्यात सुरू झाली. सुरू करणारे होते एमईएसची कामं घेणारे कंत्राटदार. बेळगावात एमईएस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र एकीकरण समितीचा भगवा झेंडा येतो. मी म्हणतोय ती मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, कॅम्पातली. युद्धाचे दिवस, लष्कराची घाईची कामं. एकटा कंत्राटदार सरकारी खात्यासमोर उभा राहिला की त्याचं कोण ऐकणार? म्हणून ते एकत्र आले. म्हणजे मूळ हेतू बिलं, अटी आणि दर याबद्दल एका आवाजात बोलणं हा होता. कोणतं काम कुणी घ्यायचं हे आपसात ठरवणं हा नव्हता.

आणि नेमकी तीच मागणी माझ्याकडे सगळ्यात आधी आली. अध्यक्ष झालो त्याच सुमाराला एक वडीलधारे कंत्राटदार घरी आले. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली, मग म्हणाले, "अण्णा, रस्त्याची चार पॅकेजं निघणार आहेत. आपण चौघं वाटून घेऊ. बाकीच्यांना तू समजाव, तुझं ऐकतील." पूर्वी टेंडरच्या पेटीपुढं माणसं उभी करायचे, दुसऱ्याला पाकीट टाकू द्यायचे नाहीत. ई-प्रोक्युअरमेंट आलं, टेंडरं ऑनलाइन भरायला लागलो आणि पेटी गेली. पेटीपुढची माणसं मात्र गेली नाहीत, त्यांना आता संघटनेचं ऑफिस पाहिजे होतं. एक टेंडर खरं, तीन टेंडरं नुसती सोबतीला. याला आपण सगळे 'टेंडर मॅनेज झालं' म्हणतो आणि असं म्हणताना आवाजही कमी करत नाही.

मी नाही म्हटलं. साधुसंत आहे म्हणून नव्हे. सिमेंटची भानगड तुम्हाला आठवत असेल. याच बिल्डर्स असोसिएशननं २०१० साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सिमेंट कंपन्या संगनमतानं भाव आणि पुरवठा ठरवतात. २०१२ साली आयोगानं अकरा कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळून सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. तो आदेश सुनावणीच्या पद्धतीवरून २०१५ साली रद्द झाला, २०१६ साली आयोगानं पुन्हा दंड केला, २०१८ साली अपिलातही तो टिकला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालाचं राहू द्या. दंडाच्या यादीत कंपन्यांबरोबर त्यांची *संघटना* पण होती, तेवढं बघा. स्पर्धा कायदा २००२ चा, त्याचं तिसरं कलम आपल्यालाही तितकंच लागू आहे. पोत्यामागं दहा रुपये वाढले की मोर्चा काढणारे आपण टेंडरात तेच करणार असू, तर कुठल्या तोंडानं बोलायचं? काही जणांनी त्या वर्षी वर्गणी भरली नाही. भरू नका म्हटलं.

पण मॅनेज करावंसं का वाटतं, तेही समजून घ्यायला पाहिजे. दुसऱ्या टोकाला 'बिलो'चा, म्हणजे एस्टिमेटपेक्षा खाली दर भरायचा रोग आहे. एस्टिमेट एक कोटीचं, एखादा नवखा पंचवीस टक्के बिलो भरतो. पंच्याहत्तर लाखांत काम घेऊन तो वाचवणार कुठं? सळईत, सिमेंटात, नाहीतर लेबरच्या हजेरीत. रिंग करणारा, म्हणजे आपसात टेंडर वाटून घेणारा, सरकारचा खिसा कापतो, फार खाली जाणारा त्या इमारतीत राहणाऱ्याचा. यावर रिंग हा इलाज नाही. हिशेब यायला पाहिजे.

म्हणून आम्ही रविवारी सकाळी रेट ॲनालिसिसचे, म्हणजे कामाचा दर कसा काढायचा याचे वर्ग सुरू केले. भाषण नाही, फळा आणि खडू. एक घनमीटर एम-ट्वेंटी काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी एकास दीडास तीन, सिमेंट सुमारे आठ पोती. इथपर्यंत पोरं घडाघडा सांगतात. इथं मच्छेला व्हीटीयू, इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे, डिग्रीवाल्यांना काय तोटा! मग विचारायचं, काम जांबोटीच्या पुढं आहे, लीड, म्हणजे माल वाहून न्यायचं अंतर, किती धरलीस? एसआरमध्ये, सरकारी दरपत्रकात, आहे तेवढी की ट्रक खरोखर जातो तेवढी? एम-सँड, दगड फोडून केलेली वाळू, कुठल्या क्रशरची? मिक्सर बंद पडला तर मेकॅनिक खानापूरहून येणार की बेळगावहून? तेव्हा वर्ग शांत. भावाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, कोण कुठलं टेंडर भरतोय हे विचारायचं नाही, हा नियम फळ्याच्या वर लिहून ठेवला होता. हिशेब शिकवणं आणि आकडा ठरवणं यात फरक आहे, तो पुसट होऊ द्यायचा नाही.

पावसाचं तसंच. टेंडरात अट असते, मुदत पावसाळा धरून. मार्चअखेरची धावपळ, मे महिन्यात वर्क ऑर्डर हातात, जूनला कणकुंबीकडे आभाळ फाटतं. बेंगळुरात बसून लिहिणाऱ्याला पाऊस म्हणजे संध्याकाळची सर वाटते. खानापूरच्या पश्चिमेला चार-चार दिवस कामावरची ताडपत्री काढता येत नाही. आम्ही निवेदनं दिली, ती बहुतेक फायलीत गेली असावीत. उपयोग झाला तो हिंडरन्स रजिस्टरचा, म्हणजे काम कशामुळं अडलं ते लिहायच्या वहीचा. काम ज्या दिवशी थांबलं त्याच दिवशी नोंद करायची आणि त्याच दिवशी ज्युनिअर इंजिनिअरची सही घ्यायची. दिवाळीनंतर मुदतवाढ मागताना "जुलैत फार पाऊस होता हो साहेब" म्हणून काय होणार? आणि वर्क ऑर्डर हातात नसताना, कुणीही कितीही मोठा माणूस "सुरू कर, कागद येतोय" म्हणाला तरी कुदळ मारायची नाही. हे मी प्रत्येक सभेत सांगत आलोय. तरी मारणारे मारतात.

आता लेबर कार्डाचं. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला. तो तुमच्या बिलातून जातो. मजूर अठरा ते साठ वयाचा असला आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबला असला, की कल्याण मंडळाकडे त्याची नोंद होते. पैसे आपण भरायचे आणि आपल्याच गवंड्याकडे कार्ड नाही, ही गंमत बघा. कारण काय? नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही पाहिजे आणि कंत्राटदार सहीला भितो. उद्या पीएफवाले दारात येतील ही धास्ती. ते तर केव्हाही येऊ शकतात, त्यासाठी गरिबाचा दाखला कशाला अडवायचा?

वडगावात आम्ही शिबिर लावलं. गोकाक-सौंदत्तीकडची कन्नड माणसं, आपली येळ्ळूर-अनगोळची, एक टोळी बिहारची. फॉर्म कन्नडमध्ये, आमचे एक बैलहोंगलचे सभासद दिवसभर खुर्ची टाकून मराठीत, हिंदीत समजावत भरून देत होते. आधारच्या मशीनवर बोटं ठेवायची वेळ आली आणि निम्म्या जुन्या गवंड्यांचे ठसे उमटेनात. सिमेंटातला चुना आयुष्यभर कातडी खातो, रेषा राहतात कुठं? एक म्हातारबा बोटं लुंगीला पुसून पुसून लावत होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, काय की, मी नाहीच म्हणूलालंय हे मशीन." मोबाईलवरच्या ओटीपीनं भागवावं, तर मोबाईल नातवाकडे आणि नातू हुबळीला. त्यांचं काम पुढच्या आठवड्यात झालं, नातवाला बोलावून घेऊन. सगळ्यांचं झालं असं म्हणणार नाही.

त्या शिबिरानंतर एक बदल झाला. वर्गणी बंद केलेल्यांपैकी दोघं आपल्या टोळ्या घेऊन आले. चहाला येणारे ते वडीलधारे मात्र अजून आलेले नाहीत. भेटले की नमस्कार होतो, तब्येतीची चौकशी होते, संघटनेचा विषय दोघंही काढत नाही. आजही पुढच्या रांगेत त्यांचा पुतण्या बसलाय. काकांना माझा नमस्कार सांग रे.

दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी अध्यक्ष राहायचं नाही, हे संघटनेच्या घटनेत मीच घालून घेतलं, त्यामुळे आता माझी सुटका आहे. पुढच्या महिन्यात निवडणूक. अर्ज सेक्रेटरींकडे मिळतील. आणि वर्गणी थकलेली असेल त्याला मत नाही, मग तो कितीही मोठा क्लास वन, वरच्या वर्गातला कंत्राटदार असो.