पाच टक्क्यांची हमी
(माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: ठाणे मध्यवर्ती कारागृहाची दगडी भिंत. बुरुजाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ. खाली रिक्षांची रांग.)

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. कोर्टनाक्याकडे जाणारे ठाणेकर रोज या भिंतीजवळून जातात. तुरुंग व्हायच्या आधी हा किल्ला होता. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी पुरा केला आणि 1774च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकला. इंग्रजांनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने. लंडनमध्ये तिचे भागधारक लाभांशाची वाट बघत होते आणि इथे साष्टी बेटाच्या किनाऱ्यावर तिच्या स्वतःच्या तोफा होत्या, स्वतःचं आरमार होतं. या लढाईत कंपनीच्या आरमाराचा कमोडोर वॉटसन मारला गेला. किल्ल्यातली बहुतेक शिबंदी कापली गेली. 1782च्या सालबाईच्या तहाने साष्टी कंपनीकडेच राहिली.

(दृश्य: भिंतीचा जवळून शॉट. चुना, शेवाळ, त्यावर अलीकडचा रंग.)

कंपनीच्या राज्यात किल्ल्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816मध्ये इथून निसटले. राघोजी भांगरे यांना निसटता आलं नाही. सावकारी आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध महादेव कोळ्यांना उभं करणाऱ्या राघोजींना 2 मे 1848 रोजी याच भिंतीच्या आत फाशी दिलं.

पुढच्या वर्षी, 17 ऑगस्ट 1849 रोजी, एका करारावर सह्या झाल्या. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी. ही फिल्म त्या कराराबद्दल आहे.

(दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळ. कल्याणकडे जाणारी लोकल. दारात लटकलेली माणसं. पुलावरून उतरणारा लोंढा.)

16 एप्रिल 1853ची गोष्ट प्रत्येक ठाणेकराला पाठ आहे. दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून गाडी सुटली. 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी आणि 34 किलोमीटरवर ठाणं. दरवर्षी या दिवशी स्टेशनवर कार्यक्रम होतात, केक कापतात. अभिमान वाटावा असाच तो दिवस होता. नाना शंकरशेठ यांनी या रेल्वेसाठी केलेली धडपडही मोठी होती. रेल्वे हवी की नको, असा वाद मुळात नव्हताच.

गाडीला पैसा लागतो. तो कुणी घातला आणि बुडाला तर कुणाचा बुडणार होता, हे त्या केकवर लिहिलेलं नसतं.

(दृश्य: रूळ, खडी, स्लीपर. कॅमेरा जमिनीलगत.)

करार असा होता. रेल्वे कंपनी लंडनच्या बाजारात शेअर विकून भांडवल उभं करणार. मुंबई–ठाणे या पहिल्या, प्रयोगाच्या मार्गासाठी 5 लाख पौंड. या भांडवलावर भागधारकांना वर्षाला 5 टक्के परतावा मिळेल, अशी हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली. गाडी भरून धावो की रिकामी, 5 टक्के ठरलेले. कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. महसूल म्हणजे शेतसारा, मीठ, अफू. रुळांखालची जमीन रेल्वे कंपनीला 99 वर्षांसाठी फुकट. आणि रेल्वे कंपनीला कधी वाटलं की आता पुरे, तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची आणि घातलेलं भांडवल परत घ्यायचं, अशीही सोय करारात होती.

हे नीट लक्षात घ्या. धंदा खाजगी, मालक खाजगी, नफा खाजगी. तोटा तेवढा सार्वजनिक. ज्या शेतकऱ्याने गाडी कधी पाहिली नाही, तो सारा भरताना तिचा तोटा भरत होता. भांडवलशाही म्हणजे जोखीम घेणाऱ्याला मिळणारं बक्षीस, असं आपल्याला सांगतात. देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या करारावर धावली त्यात जोखीम घेणाऱ्याच्या जागी रयत होती आणि बक्षिसाच्या जागी लंडनचा भागधारक.

परतावा ठरलेला असेल तर खर्च आवरायचा कशाला? अशाच हमीवर देशभर रेल्वे बांधल्या गेल्या. सुरुवातीचा अंदाज मैलाला 8,000 पौंडांचा होता. प्रत्यक्ष खर्च सरासरीने त्याच्या दुपटीवर गेला. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी 1872मध्ये ब्रिटिश संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली. इंग्रज भांडवलदाराला 5 टक्के मिळत राहिले की त्याचा पैसा विटा-चुन्यात गेला काय आणि हुगळी नदीत फेकला काय, त्याला सारखंच, असा त्या साक्षीचा आशय होता. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी हा हिशेब देशापुढे मांडला. पुढे 1900मध्ये सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे विकत घेतली आणि चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे दिली, 1925पर्यंत.

कल्याणच्या पुढे बोरघाट चढवताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघातांत मेले.

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी. तिवरांच्या वर विजेचे मनोरे. एक होडी चिखलात टेकलेली.)

खाडीतल्या या मनोऱ्यांवरून वीज येते. राज्यातल्या कुठल्या केंद्राने किती वीज सोडायची याचं नियंत्रण पलीकडच्या काठावर, ऐरोलीतल्या राज्य भार प्रेषण केंद्रातून होतं. 1999 ते 2001 या काळात राज्याच्या जाळ्यात आणखी एका केंद्राची वीज होती. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाची.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीची दाभोळ पॉवर कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांचा करार 8 डिसेंबर 1993चा. खाजगी वीजनिर्मितीसाठी केंद्र सरकारने त्या वेळी आखलेल्या धोरणात भागभांडवलावर 16 टक्के परताव्याची सोय होती. मंडळाने वीज घ्यावी किंवा घेऊ नये, क्षमतेचं शुल्क द्यायचंच. मंडळ चुकलं तर राज्य सरकारची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. मध्ये 144 वर्षं गेली आणि 5चे 16 झाले.

(दृश्य: वीजबिलाचा क्लोज-अप. बोट एका ओळीवर थांबतं: स्थिर आकार.)

तुमच्या घरच्या बिलावर ‘स्थिर आकार’ ही ओळ आहे. महिनाभर घर बंद ठेवा, ती रक्कम येतेच. मंडळावर दाभोळचा असाच आकार बसला होता, अवाढव्य. वीज कमी घेतली की तोच आकार थोड्या युनिटांवर पडायचा, म्हणून काही महिने युनिटचा दर 7 रुपयांच्या वर गेला. करार लोकांपासून झाकून ठेवला होता. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने त्याचं गणित मांडून दाखवलं, गुहागरच्या गावकऱ्यांनी लाठ्या आणि तुरुंग सोसला. 2001मध्ये माधव गोडबोले समितीने सरकारी कारभारावर ठपका ठेवला, मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. केंद्र पुन्हा चालू करायला 2005मध्ये कोण आलं? एनटीपीसी आणि गेल. सरकारी कंपन्या.

(दृश्य: ठाणे–वाशी लोकल. फलाट 10. ऐरोली, रबाळे, घणसोली.)

सार्वजनिक पैशाने रेल्वे होत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला या गाडीत बसवा. नवी मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा 67 टक्के खर्च हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने उचलला, 33 टक्के रेल्वेने. इथे कुठल्याही भागधारकाला हमी द्यावी लागली नाही. सिडकोचा पैसा जमिनीतून आला, आणि त्या जमिनीसाठी 1984मध्ये उरणजवळ जासई परिसरात गोळीबारात पाच माणसं गेली, हेही इथे नोंदवलंच पाहिजे.

(दृश्य: उड्डाणपुलाचे अर्धवट खांब. पत्र्याचं कुंपण.)

शहरात खाजगी भागीदारीतलं नवं काम निघालं की कराराची प्रत मागा. त्यात एकच कलम आधी शोधायचं: कमाई कमी पडली तर फरक कोण भरणार. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ‘व्यावसायिक गुपित’ म्हणून नकार आला तर कायद्याचं कलम 8 उघडा. व्यापक जनहितासाठी हेच गुपित उघड करता येतं, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. पहिल्या अपिलाची मुदत 30 दिवस.