माळावरचा भोवत्या

डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच. पुणे-सोलापूर पट्ट्यातलं हे माळरान. गवत गुडघाभर, वाळून पिवळं पडलेलं. लांबून बघणाऱ्याला इथं काहीच दिसत नाही. थोडं थांबा.

तो आला. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल की काय इतक्या खालून. दोनचारदा पंख मारतो, मग ते खांद्यापासून वर उचलून तसाच तरंगत राहतो. इथं फसायला होतं. घार म्हणून सोडून देतात लोक. घारीची शेपटी टोकाला खाचलेली असते आणि ती एवढ्या खालून माळ विंचरत नाही. हा भोवत्या, इंग्रजीत हॅरियर, शिकारी पक्षी. त्याला घिरट्या घालताना पाहिलं की नाव कशावरून पडलं ते विचारावं लागत नाही.

आता चेहरा बघा. घुबडासारखा गोलसर, पिसांच्या कडेनं वेढलेला. या ठेवणीमुळे गवतातली बारीक खसखसही त्याच्या कानात येते.

हा राखाडी नर. पंखावर आडवी काळी रेघ आहे ना? माँटेग्यूज हॅरियर. आणि हा दुसरा, जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर. हा पॅलिड हॅरियर, जगभरात संकटसमीप ठरलेला. दोघंही कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात इकडे उतरतात, मार्च-एप्रिलात परततात.

खरी परीक्षा माद्यांची. दोन्हीकडच्या तपकिरी, शेपटीवर पट्टे, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. अशा वेळी मान बघायची. गालाच्या मागे फिकट कॉलर आणि त्याच्यामागे गडद मान असेल तर पॅलिड. कॉलर नसेल तर बहुधा माँटेग्यूज. उजेड कमी असेल तर वहीत नुसतं 'भोवत्या मादी' लिहावं. खोट्या नोंदीपेक्षा अर्धी नोंद बरी.

सहा वाजले. एकेक करून उतरतायत. झाडावर नाही, जमिनीवर, गवतात. प्रत्येकाची दाबून केलेली वेगळी जागा. आम्ही गाडी रस्त्यावरच ठेवली आहे. टॉर्च लावलेला नाही.

सकाळी पक्षी उठून गेल्यावर त्याच जागेत ही सापडते: अंगठ्याएवढी कोरडी गोळी. न पचलेलं ते पोटातून उलटून टाकलेलं. उकलून बघा. नाकतोड्याची तंगडी, आणखी एक, एका छोट्या पक्ष्याचं पीस. शेतातल्या नाकतोड्यांचा बंदोबस्त हिवाळाभर असा फुकट होतो.

आणि त्याच माळाच्या कडेला हे खड्डे. कागदोपत्री ही पडीक जमीन, म्हणून वृक्षारोपण. झाडं वाढली की गवत जाईल, आणि या पक्ष्यांना रात्री उतरायला जागा उरणार नाही.

ती बघा, खड्ड्यांच्या ओळीवरून खालून चालली आहे. शेपटीच्या मुळाशी पांढरं. मान वळवली... फिकट कॉलर. पॅलिड, मादी.