तारांगणात गेलात तर ऑपरेटरला हे एकदा दाखवायला सांगाच | तारे आणि समुद्रातली वाट

नमस्कार मंडळी! आज तारांगणाबद्दल बोलायचंय, पण ग्रह, कृष्णविवरं वगैरे नाही. बहुतेक जण तारांगणात जातात, खुर्चीत मागे रेलतात, घुमटावरची फिल्म बघतात आणि बाहेर येतात. फिल्म छानच असते, पण मला विचाराल तर तारांगणाची खरी ताकद वेगळी आहे, तिथे बसल्या जागी अक्षांश बदलता येतो. बाहेर रात्रभर जागून आकाश बघितलंत तरी ते एकाच जागेवरचं आकाश असतं, आणि जुन्या खलाशांना दिसायचं ते प्रवासाबरोबर रोज थोडं थोडं सरकत जाणारं आकाश, ते बघायचं तर एकतर महिनोन्महिने समुद्रात राहा नाहीतर तारांगणात जा.

आणि ही सोय पहिल्यापासून नव्हती बरं का. 1923 साली म्युनिकमध्ये झाइस या जर्मन कंपनीचा पहिला तारांगण प्रोजेक्टर दाखवला गेला, तो फक्त म्युनिकच्याच अक्षांशावरचं आकाश दाखवायचा. दोन टोकांना दोन गोल असलेलं पुढचं मॉडेल आलं आणि मग उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत कुठलंही आकाश घुमटावर आणता यायला लागलं.

तर ताऱ्यांवरून वाट कशी शोधायची, त्यातली पहिली गोष्ट, ध्रुव तारा. सप्तर्षीच्या चौकोनातले कडेचे दोन तारे घ्या, पुलह आणि क्रतू, त्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पाचपट वाढवली की ध्रुव. सप्तर्षी मावळलेले असतील तर समोरच्या बाजूला शर्मिष्ठा हा M आकाराचा तारकासमूह असतो, त्याच्यावरूनही अंदाज येतो. आता उत्तर ध्रुवावर उभे असाल तर हा तारा डोक्यावर, म्हणजे 90 अंशांवर, विषुववृत्तावर असाल तर क्षितिजाला टेकलेला, आणि मधे कुठेही असाल तर तो जितके अंश वर तितका तुमचा अक्षांश. 30 अंश वर दिसला की तुम्ही 30 अंश उत्तरेला, एवढं सोपं! (आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्या ध्रुवबिंदूवर तो नेमका नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, त्यामुळे काटेकोर मोजताना ती दुरुस्ती करावी लागते.) अक्षांशाचा 1 अंश म्हणजे 60 सागरी मैल, सुमारे 111 किलोमीटर.

अरबी समुद्रातले खलाशी यासाठी कमाल नावाचं साधन वापरायचे आणि मला ते फार म्हणजे फार आवडतं. लाकडाची एक छोटी आयताकृती फळी, तिच्या मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ध्रुवावर आली पाहिजे. प्रत्येक गाठ म्हणजे ध्रुवाची एक ठरलेली उंची, म्हणजेच एकेका बंदराचा अक्षांश. मग करायचं काय, तर त्या उंचीला ध्रुव येईपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं आणि नंतर ती उंची सांभाळत सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला, की बंदर येतंच.

विषुववृत्त ओलांडलं की मात्र ध्रुव गायब! तारांगणात हा क्षण बघाच, उत्तरेला ध्रुव बुडत जातो आणि मागे वळून बघितलं तर दक्षिणेला त्रिशंकू, म्हणजे क्रॉससारखा दिसणारा तारकासमूह, वर चढत आलेला असतो. त्याची लांब दांडी खालच्या दिशेने सुमारे साडेचारपट वाढवली की दक्षिण ध्रुवबिंदू, तिथे ठळक तारा नाही, रिकामीच जागा आहे.

दुसरी गोष्ट उगवण्याच्या जागांची. एका अक्षांशावर एखादा तारा वर्षभर क्षितिजाच्या त्याच बिंदूवर उगवतो, फक्त रोज साधारण 4 मिनिटं आधी. मृगाच्या पोटातले बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यातला आधी उगवणारा तारा तर ध्रुवप्रदेश सोडले तर जगात कुठूनही जवळपास बरोब्बर पूर्वेलाच उगवतो. पॅसिफिकमधले खलाशी असे उगवते-मावळते तारे पाठ करायचे, एक तारा फार वर गेला की त्याच जागी उगवणारा पुढचा धरायचा, होकायंत्राची गरजच नाही. 1976 मध्ये मायक्रोनेशियाचे खलाशी माउ पिआइलुग यांनी होकुलेआ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला अशीच नेली, कुठलंही उपकरण न वापरता, 4,000 किलोमीटरच्या आसपास! आणि 1980 मध्ये तोच प्रवास हवाईचे नैनोआ थॉम्पसन यांनी केला, त्यांनी ताऱ्यांचा अभ्यास कुठे केला माहितीये? होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या तारांगणात. घुमटावर आकाश पुढेमागे फिरवून बघत बघत. हवाईच्या अक्षांशाची एक खूण तर भन्नाट आहे, त्रिशंकू उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यात 6 अंश अंतर, आणि खालच्या ताऱ्यापासून क्षितिजापर्यंतही तेवढंच, 6 अंश. ही दोन अंतरं सारखी दिसली की तुम्ही हवाईच्या अक्षांशावर आलात.

रेखांशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ लागेल. पूर्व-पश्चिम सरकलात तर आकाश बदलत नाही, तेच आकाश फक्त आधी किंवा उशिरा दिसतं, त्यामुळे घड्याळ लागतंच. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते, म्हणजे घड्याळ 4 मिनिटं चुकलं की विषुववृत्तावर तुम्ही 60 सागरी मैल चुकलात. म्हणून इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने बनवलेल्या सागरी घड्याळाचं एवढं कौतुक, 1761 मध्ये निघालेल्या जमैकाच्या सफरीत ते फक्त 5 सेकंद मागे पडलं होतं.

तर जाल तेव्हा शो संपल्यावर ऑपरेटरला विनंती करा, वेळ थांबवून ठेवा आणि 40 उत्तर ते 40 दक्षिण असं हळूहळू न्या, मग एकाच अक्षांशावर थांबून एक पूर्ण रात्र पटापट फिरवा. गर्दी नसेल तेव्हा विचारा, ही मंडळी बहुतेक वेळा आनंदाने दाखवतात. हात सरळ लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश, त्याने ध्रुवाची उंची मोजा, पण शक्यतो घुमटाच्या मधोमध उभं राहून, कडेच्या खुर्चीवरून मोजलंत तर कोन चुकीचे येतात.