पासिंगला अडलेला पुढचा ब्रेक

नमस्कार मंडळी. मी मोटारसायकल मिस्त्री. परभणी-जिंतूर रोडला माझं गॅरेज आहे. आज तुमच्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय, पुढच्या ब्रेकवर.

मागच्या महिन्यात एक मामा गाडी ढकलल्यासारखी घेऊन आले. चेहरा उतरलेला. गाडीला १५ वर्षं भरली होती. तुम्हाला ठाऊक आहे, खाजगी गाडीची १५ वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून आरसी पुढं ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मामा त्यासाठी सकाळीच गेले होते. साहेबांनी गाडी थोडी पळवून पुढचा ब्रेक दाबायला लावला. गाडी थांबायचं नावच घेईना. नापास.

मामा म्हणाले, "मिस्त्री, इतकी वर्षं मागच्या ब्रेकवर चालवली. आजच पुढचा कशाला पाहिजे ह्यांना? कर काहीतरी, दुपारपर्यंत पास झाली पाहिजे."

मंडळी, ही गोष्ट एकट्या मामांची नाही. आपल्याकडं किती तरी जण पुढच्या ब्रेकला हातच लावत नाहीत. पुढचा दाबला की गाडी पालथी होते, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण ब्रेक लावला की सगळं वजन पुढं सरकतं. मागचं चाक हलकं पडतं, आणि हलकं चाक नुसतं घासत जातं. कोरड्या डांबरी रोडवर गाडी थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढचंच चाक करतं. गाडी घसरते ती वळणावर, मुरमावर किंवा ओल्या काळ्या मातीत एकदम हँडलवरची ब्रेकची लिव्हर आवळल्यावर. सरळ रोडवर दोन्ही ब्रेक सोबत, हळूहळू जोर वाढवत दाबले तर काही होत नाही. रात्री ऊसाची बिनलाईटची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा मागच्या एका ब्रेकवर भागत नाही. टाकीवर लेकरू बसलेलं असतं हो.

मामांच्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता. म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ती डिस्क. लिव्हर दाबली की ब्रेक ऑइलच्या दाबानं पॅड तिला आवळतात. मी आधी पाना उचलला नाही, लिव्हर दाबून बघितली. निम्मा दोष तिथंच हाताला कळतो. मामांची लिव्हर दगडासारखी कडक होती. म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये हवा नव्हती, दाब पॅडपर्यंत नीट पोचत होता. पॅड बघितले तर नवेच! मामा म्हणाले, दोन महिन्यांत दोनदा बदलून घेतले दुसऱ्या गॅरेजात. मग दाब आहे, पॅड आहेत, तरी चाक का धरत नाही?

मी एक पांढरं फडकं घेतलं आणि पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून, शॉकअपचं तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या जरा वर, गोल फिरवलं. फडक्यावर काळा चिकट पट्टा उमटला. तेल आणि आपली काळी माती. शॉकअपची ऑइल सील फाटली होती. तेल थेंबाथेंबानं कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागावर, तिथून डिस्कवर उतरत होतं. म्हणून पॅड नुसते घसरत होते. शेताच्या वाटेचा चिखल नळीवर वाळतो, खड्ड्यात शॉकअप दबला की ती वाळलेली माती सीलला कानशीसारखी घासते. वाळला चिखल ओल्या कपड्यानं पुसायची सवय ठेवा, सील टिकते.

मामांना म्हणलं, आज दुपारी पास होणार नाही, उद्या होईल. दोन्ही सील बदलल्या, शॉकअपमध्ये कंपनीनं सांगितल्या मापाचं तेल भरलं, डिस्कची चकती ब्रेक क्लीनरनं धुतली. पॅड नवे असूनही टाकून द्यावे लागले. पॅड एकदा तेल प्याला की गेला. काही जण पेट्रोलनं धुऊन, आगीवर धरून परत लावतात. तसं करू नका, गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं.

तुमची लिव्हर कडक नसून लुसलुशीत लागत असेल, दोन-तीनदा दाबल्यावर धरत असेल, तर आत हवा शिरलीय. ती काढावी लागते. आणि दाबून धरलेली लिव्हर हळूहळू मुठीकडं खाली जात असेल, बाहेर कुठं गळतीही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरजवळ ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं, आतलं रबर गेलं. रबराचं किट बदला.

ब्रेक ऑइलबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. मी शिकाऊ होतो तेव्हा एकाच्या गाडीत ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून इंजिन ऑइल ओतलं होतं. आठ दिवसांत आतली रबरं फुगली आणि ब्रेक सुटेचना, चाक जाम. त्या माणसाला भर उन्हात गाडी ओढत आणावी लागली. ते मला अजून बोचतं. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर कोणत्या प्रकारचं ऑइल, डॉट ३ की डॉट ४, ते लिहिलेलं असतं, तेच टाका, सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ते १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. कन्नडचा औट्रम घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ते उकळलं की वाफ होते आणि लिव्हर एकदम पोकळ लागते. दोन वर्षांनी बदलत जा.

डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असलेल्यांनी ब्रेकची वायर आधी बघावी. गंजली असेल तर ग्रीस चोळत बसू नका, नवी टाका. ब्रेक दाबून धरल्यावर ड्रमवरचा बाण खुणेच्या पुढं जात असेल तर लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारं अस्तर, संपलं. ओढ्यातून गाडी काढली की थोडं अंतर ब्रेक हलका दाबत चाला, आतलं पाणी वाळतं.

मामांची गाडी झाल्यावर मोकळ्या मैदानात नेली, सावकाश वीस-पंचवीसदा ब्रेक लावून नवे पॅड बसू दिले. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. येताना मामा पुन्हा गॅरेजवर थांबले आणि म्हणाले, "आता मागचा बी बघ." उघडला. इतकी वर्षं सगळा भार एकट्यानं ओढून मागचं लायनर कागदासारखं पातळ झालं होतं. तेही तेव्हाच बदललं.