हाताला न लागणारी गाठ

(तोंडाच्या कर्करोगाविषयी एका शल्यविशारदाने कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

व्याख्यान सुरू करण्यापूर्वी एक विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या हाताची मधली तीन बोटे जुळवून उभी धरावीत आणि पुढच्या दातांच्या मध्ये ती मावतात का हे पाहावे. बोटे स्वतःचीच हवीत, कारण ज्याचे माप त्यालाच लागू पडते. तीन बोटे सहज मावली तर ठीक आहे. दोनच मावत असतील, तिखट जेवण तोंडाला झोंबत असेल आणि खिशात माव्याची पुडी असेल, तर आजचे व्याख्यान आपल्यासाठीच आहे. सभागृहात हसे पिकले हे बरे झाले. पण संयोजकांपैकी एका तरुण कार्यकर्त्याने खिशातला हात खिशातच ठेवला, हेही व्यासपीठावरून दिसले. त्यांच्याकडे मी शेवटी वळणार आहे.

तोंड हळूहळू मिटत जाण्याच्या या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव 1953 मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी दिले. गालाच्या आतले मऊ अस्तर पांढुरके आणि ताठ होते, बोट फिरवले की खाली दोऱ्या लागाव्यात तसे पट्टे लागतात, आणि त्यातल्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो. याचे कारण सुपारी आहे. तंबाखू वाईट हे लोकांना माहीत असते, सुपारी मात्र पूजेच्या ताटात असते, त्यामुळे तिच्यावर कोणी संशय घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवले आहे. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण. तो प्लॅस्टिकच्या कागदात मळून घ्यायचा आणि गालात धरून ठेवायचा. त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

आपल्याकडचा आजार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या आजाराहून वेगळा का, याचे उत्तरही इथेच आहे. त्यांच्याकडे सिगारेट आणि दारू यांमुळे जीभ, घसा आणि स्वरयंत्र यांचे कर्करोग जास्त दिसत आले, आणि अलीकडे एका विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या कर्करोगाची त्यात भर पडली. आपल्याकडे गालफड आणि खालची हिरडी यांमधल्या खोबणीत आजार होतो, कारण तंबाखूचा बार तिथेच भरला जातो. 2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा 3.8 होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे शेकडा 24.4. आपल्या जिल्ह्याच्या शिवेवर निपाणीसारखी तंबाखूची जुनी बाजारपेठ आहे, आणि घराघरांत मशेरी लावणाऱ्या आज्या आहेत, ज्या मशेरीला व्यसन न म्हणता दात घासणे म्हणतात. मी ज्या पुस्तकांवर शस्त्रक्रिया शिकलो त्यांत मशेरी हा शब्द असणे शक्यच नव्हते.

मुंबईत शिक्षण पूर्ण करून मी कोल्हापूरला परतलो तेव्हा इथे तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण म्हणजे मुंबईला पाठवायचा रुग्ण, अशी रीत होती. नातेवाईक रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघत, सकाळी दादरला उतरत, गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर तिथे आणि नाही मिळाली तर परळच्या टाटा रुग्णालयाजवळच्या पदपथावर मुक्काम करत. त्यातले बरेच जण एकदा जाऊन आले की दुसऱ्यांदा जात नसत. आजाराला ते घाबरत होतेच, पण खर्चाला, अनोळखी शहराला आणि शेतावर माणूस नाही या काळजीला अधिक घाबरत. आज जन आरोग्य योजनेमुळे खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला आहे. शेतावर माणूस नाही ही अडचण मात्र तशीच आहे, आणि तिचे मोल मला ज्या रुग्णाने शिकवले त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

ते करवीर तालुक्यातले गुळवे होते. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे काम सांगायला नको. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळवा डोळ्यांनी, हाताने आणि प्रसंगी जिभेने ठरवतो. या गृहस्थांच्या जिभेच्या डाव्या कडेला रुपयाच्या नाण्याहून लहान व्रण होता. मी तो काढला, कडा मोकळ्या आल्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत आजार पोचलेला नव्हता, जखम भरली, बोलणे जवळपास पूर्ववत झाले. तोंडाचा कर्करोग पसरतो तो सहसा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत, म्हणून मानही तपासली होती. गाठ हाताला लागत नव्हती, सोनोग्राफीतही दिसली नव्हती. अशा वेळी मानेतल्या लसिका ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढायच्या, की गाठ दिसेपर्यंत थांबायचे, याविषयी तेव्हा जगभर दोन मते होती आणि दोन्ही मतांची माणसे तितकीच नामवंत होती. मी थांबण्याचा मार्ग घेतला. दर महिन्याला दाखवायला या, असे बजावून त्यांना घरी पाठवले. हे दसऱ्याच्या सुमारास घडले.

ते आले गुढीपाडव्यानंतर. डाव्या जबड्याखाली आवळ्याएवढी गाठ होती, आणि ती बोटांनी हलवून पाहिली तर हलत नव्हती. मी जरा चढ्या आवाजात विचारले, इतके दिवस कुठे होता? ते म्हणाले, “हंगामात काहिलीवरनं उठून कसं येणार, साहेब? आन् दुखत तर काय न्हवतंच.” ती गाठ मानेतल्या मुख्य रोहिणीला चिकटलेली निघाली. पुढचे पावसाळ्याचे दिवसही त्यांना मिळाले नाहीत.

मी पुस्तकाप्रमाणे वागलो होतो, त्यामुळे कोणी मला दोष दिला नसता. पण ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ हा सल्ला ज्या देशात लिहिला गेला तिथे रुग्ण दर महिन्याला येतो, आला नाही तर परिचारिका दूरध्वनी करते. माझा रुग्ण ऑक्टोबर ते मार्च काहिलीजवळ बसणारा होता. हे मला ठाऊक असूनही मी त्याचा हिशोब धरला नाही. चूक होती ती तिथे.

मग प्रत्येकाची मान सरसकट का उघडू नये, असे कोणी विचारेल. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. मानेतल्या ग्रंथी पद्धतशीर काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतले शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये मांडली. ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, आतली मोठी नीला आणि खांद्याला जाणारी मज्जातंतूची शाखा हेही काढले जाई, कारण अर्धवट काढून आजार मागे ठेवण्यापेक्षा सगळा ठोकळा उचलणे सुरक्षित, असा विचार होता, आणि त्या काळात तो योग्यही होता. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी 1960 च्या दशकात दाखवले की ग्रंथी ज्या पातळ आवरणात असतात ते आवरण सोलून काढले तर स्नायू, नीला आणि तंतू वाचवता येतात. मी शिकलो तोवर ही गोष्ट सर्वमान्य झाली होती. तरी तंतू वाचवणे म्हणजे तो न कापणे एवढेच नव्हे, तो न ताणणेही, हे मला एका मावशींनी शिकवले.

मशेरीमुळे त्यांच्या खालच्या हिरडीला आजार झाला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, अहवाल उत्तम आला, आणि तीन महिन्यांनी तपासणीला आल्यावर मी समाधानाने विचारले, काय म्हणते प्रकृती? त्या म्हणाल्या, “बरं हाय की. पन फळीवरचा डबा निघंना, आन् येनी सुनंला घालाय लागतीया.” मी त्यांना हात वर करायला सांगितले. उजवा हात कानाला टेकला, डावा खांद्याच्या वर येईना. तंतू मी जपला होता, पण त्याच्या मागच्या ग्रंथी काढताना तो ओढला गेला होता. माझ्या शस्त्रक्रियेच्या टिपणात ‘तंतू सुरक्षित’ असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. त्या दिवसापासून माझ्या नोंदवहीत मी एक नवा रकाना काढला: वेणी स्वतः घालता येते का. पुरुषांसाठी सदरा डोक्यातून घालता येतो का. त्यांचा हात व्यायामाने वर्षभरात बराच सुधारला.

तेव्हा प्रश्न असा होता. मान उघडली तर शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांची गरज नसताना उघडली जाईल, कारण हाताला गाठ न लागणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे वीस ते तीस टक्क्यांच्याच ग्रंथींत आजार लपलेला असतो. आणि न उघडली, तर त्या वीस-तीस जणांतला एखादा गुळवा निघेल. हा प्रश्न मतांनी सुटण्यासारखा नव्हता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये तो मोजून सोडवायला घेतला: निम्म्या रुग्णांच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढायच्या (याला आम्ही ‘मान करणे’ म्हणतो), निम्म्यांच्या गाठ आली तरच, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरने ठरवायचे नाही.

त्या काळात मी मुंबईला पाठवलेले एक निवृत्त शिक्षक संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे परत आले. “डॉक्टर, चिठ्ठ्या टाकून माझे ऑपरेशन ठरवणार म्हणे. हे कसले शास्त्र?” मी म्हणालो, “गुरुजी, कोणता मार्ग बरा हे मला माहीत असते, तर चिठ्ठी टाकणे पाप ठरले असते. ते मला माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणतो त्याच्याजवळ पुरावा नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे तुम्ही सगळे अंदाजाने चालला होता?” मला होय म्हणावे लागले. संमती म्हणजे सहीचा कागद, अशी जी समजूत आहे तिच्यावर त्या गुरुजींच्या प्रश्नाइतके चांगले उत्तर मला नंतर कुठे सापडले नाही. त्यांनी सही केली.

2015 मध्ये पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिकागो येथील वार्षिक परिषदेत, मुख्य सत्रात ते मांडले गेले. सुरुवातीलाच मान केलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा 80 हयात होते; थांबलेल्यांपैकी 67.5. म्हणजे सुरुवातीलाच केलेल्या दर आठ मानांमागे एक मृत्यू टळतो. त्यानंतर जगभरात हा वाद बहुतांशी मिटला. परदेशातल्या मार्गदर्शक तत्त्वांत आपल्याकडच्या रुग्णांवरून आलेले उत्तर बसले, याचा मला आनंद वाटतो. पण माझ्या गुळव्यांना ते उशिरा मिळाले, हेही त्याच वेळी आठवते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण यशस्वी अभ्यासाचा वापर त्याच्या हद्दीबाहेर करण्याचा मोह आम्हा डॉक्टरांना फार होतो. त्या अभ्यासातल्या बहुसंख्य रुग्णांचा आजार जिभेचा होता. गालफडाचा लहान, उथळ आजार मानेकडे तितक्या लवकर जातो का, याचे उत्तर त्यात तितके ठाम नाही. व्रण किती खोल गेला आहे, हे आता मिलिमीटरमध्ये मोजले जाते आणि आजाराचा टप्पा ठरवताना धरलेही जाते. शिवाय फ्रान्स आणि जपानमधल्या अभ्यासांनी दाखवले आहे की आजाराजवळची पहिली ग्रंथी तेवढी शोधून तपासली आणि ती निर्दोष निघाली, तर बाकीची मान वाचवता येते. त्यासाठी किरणोत्सारी द्रव्य, ते टिपणारे यंत्र आणि ग्रंथीचे बारीक काप तपासणारा तज्ज्ञ लागतो. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी ही जुळणी अजून नाही, म्हणून मी आजही बहुतेकांची मान करतो, मात्र मावशींचा तंतू ध्यानात ठेवून.

पुनर्रचनेविषयी फार बोलत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. जबडा काढल्यावर एके काळी छातीचा स्नायू वर फिरवून जखम झाकणे एवढेच आमच्या हाती असे. आता पायातले पिंडरीकडचे पातळ हाड रक्तवाहिन्यांसह आणून, त्याचा जबडा घडवून, सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पायाचे हाड तोंडात, हे ऐकून नातेवाईक आधी माझ्याकडे संशयाने पाहतात. एका पैलवानाने मात्र एवढेच विचारले की मग लांग कशी मारायची. ती मारता येते, थोडा धीर धरावा लागतो.

ज्यांचा आजार शस्त्रक्रियेपलीकडे गेला आहे त्यांच्याबाबतही आपल्याकडे एक वेगळा प्रश्न विचारला गेला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो: कमीत कमी किती औषधात भागेल? मुंबईतच झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकोक्सिब या स्वस्त, तोंडाने घ्यायच्या गोळ्या शिरेतून द्यायच्या महाग केमोपेक्षा सरस ठरल्या. फरक थोडा होता, पण खर्च आणि त्रास दोन्ही कमी. पुढे अशा गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब या अत्यंत महागड्या औषधाचा नेहमीच्या मानाने अगदी लहान, 20 मिलिग्रॅमचा डोस दिला, तेव्हा वर्षभर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 16 वरून 43 वर गेले. औषध बनवणारी कंपनी हा प्रश्न विचारणार नाही, कारण त्याचे उत्तर तिच्या तोट्याचे आहे. तो विचारायचा तर ज्यांच्या रुग्णांना पूर्ण डोस परवडत नाही त्यांनीच.

संशोधन म्हणजे मोठी इमारत, अशी समजूत घेऊन तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात. मी त्यांना माझी नोंदवही दाखवतो. लांबट, कापडी पाठीची, शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेली. रुग्णाचा गाव, तंबाखू की मशेरी की मावा, बार कोणत्या गालात, तोंड किती बोटे उघडते, गाठ लागली की नाही, ग्रंथीच्या अहवालात काय आले, वेणी घालता येते का, आणि हंगामाचे काम कोणते. शेवटचा रकाना गुळव्यांनंतरचा आहे. तपासणीच्या तारखा आता मी त्या रकान्याकडे पाहून देतो.

बोलणे लांबले. बाहेर व्हरांड्यात टेबल, खुर्ची, टॉर्च आणि लाकडी पट्ट्या ठेवल्या आहेत. तोंड पाहायला दोन मिनिटे लागतात आणि दुखत नाही. रांग लावावी. पहिला मान संयोजकांचा आहे, आणि ज्यांनी खिशातला हात अजून बाहेर काढलेला नाही त्या कार्यकर्त्यांपासून आपण सुरुवात करू. पुडी टेबलावर ठेवली तरी चालेल, मी विचारणार नाही किती दिवसांची सवय आहे ते. ते तोंड उघडल्यावर दिसतेच.