गोल धरलाय का बे?

[दृश्य: जुळे सोलापूर. एका घराची गच्ची, भिंतीवर लावलेली पांढरी चादर, त्यावर प्रोजेक्टरचा उजेड. वीस-पंचवीस पोरं.]

निवेदन:

चेंडू जाळ्यात गेला की ओरडायचं की थांबायचं, हा प्रश्न फुटबॉल पाहणाऱ्याला पूर्वी पडत नव्हता. लाइन्समनकडे, म्हणजे रेषेवरच्या पंचाकडे, एक नजर टाकायची. निशाण खाली असलं की गोल. मग शेजारी कोण बसलंय हेही न बघता मिठी मारायची.

आता गोल व्हिडिओवर तपासणारा व्हीएआर आला आहे. या गच्चीवर गोल झाला की आधी एकच आवाज येतो, "थांब बे, चेक करलालेत अजून."

सोलापूर काही फुटबॉलचं गाव नाही. त्यासाठी कोल्हापूर आहे, तिथे शाहू स्टेडियमवर तालमी एकमेकींना भिडतात आणि आख्खी पेठ मैदानात उतरते. आपल्या पार्क स्टेडियमवर नाव निघतं ते क्रिकेटचंच. तरीही गेल्या दहा-पंधरा वर्षांत इथे फुटबॉल पाहणाऱ्यांची एक जमात तयार झाली आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारी पोरं, इंजिनीअरिंगची पोरं, रेल्वेतले काही जण. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. मॅच बघताना मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच सोलापुरी मराठी. इंग्लंडमधली शनिवारची संध्याकाळची मॅच इथे रात्री दहाला लागते, थंडीत अकराला. चॅम्पियन्स लीग साडेबाराला, थंडीत दीडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी असते, तरी जागतात.

या जागरणाच्या बदल्यात त्यांना हवा असतो तो एक क्षण. तोच आता तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. त्यांचं दुखणं इथून सुरू होतं.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकामागून एक "गोल", "गोल", आणि मग "रद्द".]

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानातल्या रेफरीला मदत करणारे पंच. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, आयएफएबीने, मार्च 2018 मध्ये याला मान्यता दिली. त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात तो वापरला गेला, आणि 2019-20 च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आला. तेव्हाचा नियम कागदावर साधा होता. चारच प्रसंगी व्हीएआरने बोलायचं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि कार्ड चुकून भलत्याच खेळाडूला दाखवलं गेलं तर. तेही चूक स्पष्ट आणि उघड असेल तेव्हाच.

हे यंत्र मागितलं कुणी? आपणच, प्रेक्षकांनी. 1986 मध्ये मॅराडोनाने हाताने केलेला गोल साऱ्या जगाने पाहिला, फक्त रेफरीने पाहिला नाही. 2009 मध्ये फ्रान्सच्या थिएरी हेन्रीच्या हाताला चेंडू लागला, त्यातून गोल झाला आणि आयर्लंडचा विश्वचषक हुकला. 2010 मध्ये ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला, तरी गोल धरला नाही. अशा चुका पाहून पोटात खड्डा पडायचा. कॅमेरा हवा, असं म्हणणारे आपणच होतो आणि ते म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

[दृश्य: पुन्हा गच्ची. जुन्या मॅचचं चित्र चादरीवर.]

21 एप्रिल 2024. रविवार होता. सोलापुरातला एप्रिल, रात्री आठलाही गच्चीची फरशी चटके देते. लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची उपांत्य फेरी. एकीकडे मँचेस्टर युनायटेड, दुसरीकडे खालच्या डिव्हिजनमधली कॉव्हेंट्री सिटी. कॉव्हेंट्री तीन गोलांनी मागे होती. तिथून तिने 3-3 अशी बरोबरी केली. जादा वेळ संपत आला असताना व्हिक्टर टॉर्पने चौथा गोल मारला. इथे गच्चीवर बहुतेक जण युनायटेडवाले, तरी त्यातले निम्मे उठून उभे राहिले. दुसऱ्या डिव्हिजनचा संघ फायनलला चालला होता, कुणाच्याही अंगावर काटा यावा असाच तो प्रसंग.

मग पडद्यावर रेषा आल्या. गोलच्या आधीच्या चालीत, पास निघाला तेव्हा कॉव्हेंट्रीच्या हाजी राइटच्या बुटाचं टोक बचावपटूच्या पुढे होतं, म्हणजे ऑफसाइड. गोल रद्द. युनायटेड पेनल्टीवर जिंकलं.

युनायटेडचाच एक चाहता, यंत्रमागावर काम करणारा, त्या रात्रीबद्दल आमच्याशी बोलला. तो म्हणाला, "आमची टीम जिंकली. पण मी नाचलो नाही. कसं नाचायचं? त्या पोरांचा गोल झालता की."

इथे जरा थांबून हिशोब करायला हवा. ऑफसाइड ठरतो तो पास देणाऱ्याच्या पायाचा चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी. जिथे कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो, तिथे दोन चित्रांमधल्या वेळात सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा खेळाडू सोळा सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे स्पर्शाचं चित्र कोणतं, हे निवडण्यातच वीतभर अंतराचा प्रश्न दडलेला आहे. आणि निर्णय दिला जातो बुटाच्या टोकावर! रेषा ओढणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, मोजपट्टीच जाड असेल तर केसाएवढं अंतर तो कसं सांगणार? प्रीमियर लीगने 2021-22 पासून रेषा जाड केल्या आणि शंकेचा फायदा पुढे धावणाऱ्याला दिला, तो यामुळेच.

कतारच्या 2022 च्या विश्वचषकात मोजणं सुधारलं. स्टेडियमच्या छताखाली बारा खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपले जात. चेंडूत सेन्सर, तो सेकंदाला पाचशे वेळा खबर देणार. अर्जेंटिना-सौदी मॅच आठवा, दुपारी साडेतीनला होती. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे गेले आणि मॅचही गेली. तरी त्या दिवशी निकालावर फारसं कुणी भांडलं नाही. रेषा कुणी हाताने ओढलेली नव्हती, आणि पडद्यावर पूर्ण चित्र फिरवून दाखवलं जात होतं.

म्हणजे प्रेक्षकाला निकाल विरुद्ध गेला तरी चालतो. तो कसा लागला हे त्याला कळायला हवं.

[दृश्य: एमआयडीसीतला यंत्रमाग. खडखडाट. एक धागा तुटतो, माग थांबतो.]

त्याच यंत्रमाग कामगाराने हे आमच्यापेक्षा नेमकं सांगितलं. "माग थांबला तर मी बघतो, धागा कुठं तुटलाय. दिसतो. जोडतो. इथं मॅच थांबते आणि काय तुटलंय ते कुणी सांगतच नाही."

आपल्याला टीव्हीवर निदान रेषा दिसतात. स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाचे हाल याहून वाईट. इंग्लंडमध्ये व्हीएआर आला तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफिल्ड या दोन मैदानांवर मोठा पडदासुद्धा नव्हता. रेफरी कानाला हात लावून उभा, खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, आणि हजारो माणसं नुसती ताटकळत.

आणि व्हीएआर पंच बसतात त्या बंद खोलीत काय चालतं हे एकदा सगळ्यांनी ऐकलं. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुइस दियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइड दिला. व्हीएआरवाल्यांनी पाहिलं तर दियाझ बरोबर जागी होता. पण मैदानातल्या रेफरीने गोल दिला आहे, असा त्यांचा समज झाला. त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं आणि खेळ सुरू झाला. काही सेकंदांत चूक त्यांच्या लक्षात आली, पण खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. पंचांच्या संघटनेने मोठी मानवी चूक झाल्याचं मान्य केलं आणि तीन दिवसांनी ती ध्वनिफीत जाहीर केली.

जगातली सगळी उपकरणं समोर होती. चूक झाली ती दोन माणसांच्या बोलण्यात. आमच्या मते व्हीएआरचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे, यंत्र सुधारलं आणि बोलण्याची पद्धत तशीच राहिली.

युरोपातल्या प्रेक्षकांनी हे निमूट सोसलेलं नाही. स्वीडनमध्ये क्लबांची मालकी बहुतांशी सभासदांकडे असते. त्यांनी व्हीएआर नकोच म्हटलं आणि 2024 मध्ये तिथे तो विषय बाजूला ठेवला गेला. नॉर्वेत तर जुलै 2024 मध्ये रोसेनबोर्ग-लिलेस्ट्रॉम मॅचमध्ये लोकांनी मैदानात माशाच्या वड्या फेकल्या, मॅच अर्ध्यावर सोडावी लागली. इंग्लंडमध्ये वुल्व्हज या क्लबने व्हीएआर काढून टाकण्याचा ठराव मांडला. जून 2024 मध्ये तो एकोणीस विरुद्ध एक मतांनी पडला. प्रीमियर लीगचं म्हणणं, अचूक निर्णयांचं प्रमाण 82 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर गेलं आहे. आकडा मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही.

[दृश्य: भारतीय संघाची निळी जर्सी घातलेला मुलगा. पार्क चौक, संध्याकाळची गर्दी.]

आपण भारतीय आहोत म्हणून तर तो आकडा मुळीच नाकारता येत नाही. 11 जून 2024, दोहा. कतारविरुद्ध विश्वचषक पात्रतेची मॅच. सुनील छेत्री पाच दिवसांपूर्वीच निवृत्त झालेला. छांगतेच्या गोलमुळे भारत 1-0 ने पुढे. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला, आपले खेळाडू थांबले. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, यूसुफ आयमेनने जाळ्यात ढकलला. रेफरीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. आपण 2-1 ने हरलो आणि पात्रता फेरीतून बाहेर पडलो.

तिथे रेषा मोजायची गरज नव्हती. एकदा मागे फिरवून पाहिलं असतं तरी पुरे होतं. त्या रात्रीबद्दल बोलताना इथली पोरं आजही चिडतात, आणि व्हीएआरला शिव्या घालणारी हीच पोरं आहेत. दोन्ही राग खरे आहेत. उघड्या डोळ्यांना दिसणारी चूक सुधारली जात नाही हा एक. न दिसणारी चूक शोधण्यासाठी खेळ थांबवून ठेवतात हा दुसरा.

क्रिकेट पाहत वाढलेल्या गावाला यावरचा उपाय सुचतो तो क्रिकेटमधूनच. तिसऱ्या पंचाचा पहिला निर्णय 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकरविरुद्ध गेला होता, तेव्हापासून आपण थांबायला शिकलो आहोत. पण डीआरएसमध्ये, म्हणजे पंचाच्या निर्णयावर दाद मागायच्या पद्धतीत, कर्णधार किंवा फलंदाज स्वतः हाताने खूण करतो, रिव्ह्यू मोजके असतात, आणि तिसरा पंच काय पाहतोय, काय बोलतोय ते घरात बसून ऐकू येतं.

फुटबॉल हळूहळू तिकडे वळतो आहे. 2023 च्या महिला विश्वचषकात रेफरीने माइकवरून निर्णय सगळ्या स्टेडियमला सांगितला. इंग्लंडमध्ये हे पहिल्यांदा घडलं जानेवारी 2025 मध्ये, लीग कपच्या उपांत्य सामन्यात. फिफाने आणखी एक पद्धत आणली आहे, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. यात वेगळी खोली नाही, व्हिडिओ पंचांची फौज नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला दोनदा दाद मागता येते, दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते, आणि रेफरी स्वतः मैदानाकडेच्या पडद्यावर पाहून ठरवतो. 2024 मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील महिला विश्वचषकात ती वापरली. मोजके कॅमेरे असले तरी चालते.

आम्ही ही पद्धत गच्चीवर समजावून सांगितली. समजवायला काही लागलंच नाही. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "म्हणजे डीआरएसच की बे." दुसऱ्याने लगेच विचारलं, मग आपल्या आय-लीगमध्ये, राज्याच्या स्पर्धेत का आणत नाहीत? दोहाला आपल्या प्रशिक्षकाकडे एक दाद असती तर?

यावर बराच वेळ वाद झाला. कोणत्या मिनिटाला दाद मागायची, पहिली वाया गेली तर दुसरी शेवटपर्यंत राखायची का, कर्णधाराने मागायची की प्रशिक्षकाने. मध्यांतर संपून मॅच पुन्हा सुरू झाली तरी निम्मे जण चादरीकडे पाठ करून तेच बोलत होते.